बागमामाची न तुडवलेली हिरवळ

वजनकाट्यावर मामी उभी राहिली आणि बागमामा हसला.

वसाहतीच्या तळमजल्यावरच्या सभेच्या खोलीत त्या सकाळी दवाखान्यातली माणसे तपासणीसाठी आली होती. दाराशी वजनकाटा, खिडकीशी टेबल, टेबलावर रक्तदाबाचे यंत्र आणि टेबलामागे चष्मा कपाळावर चढवून बसलेली डॉक्टरीणबाई. भिंतीला टेकून खुर्च्यांची रांग आणि त्या खुर्च्यांवर सगळी वसाहत दाटीवाटीने बसलेली. मामी काट्यावर चढली तशी सुई दचकली, थरथरली आणि बागमामाच्या अंदाजाला मागे टाकून कितीतरी पुढे जाऊन थांबली.

"अगं, उतर लवकर. काट्याला श्वास घेऊ दे," बागमामा म्हणाला.

रांगेत हशा पिकला. मामीही हसली. अशा थट्टेला ती कधी बधली नव्हती. नवरा नुसता काडीपैलवान, तेव्हा घरात दोघांच्या वाटचे वजन आपल्यालाच वाहावे लागते, असे उत्तर तिने फेकले आणि पुन्हा हशा झाला. हसत हसतच ती टेबलापाशी गेली आणि खुर्चीत बसताना धाप लागली म्हणून क्षणभर डोळे मिटून राहिली.

डॉक्टरीणबाईंनी तिच्या दंडाला पट्टा गुंडाळला. हवा भरली, सोडली, यंत्राकडे पाहिले. दुसऱ्या दंडाला गुंडाळला. पुन्हा हवा भरली, पुन्हा सोडली. बोटाला टोचून रक्ताचा थेंब पट्टीवर घेतला. मग कपाळावरचा चष्मा नाकावर उतरवला आणि अगदी हलक्या आवाजात मदतनीस मुलीला म्हणाल्या, की या बाईंना मागच्या बाकावर आडवे करा, उशी उंच द्या आणि आत्ताच्या आत्ता ही गोळी द्या.

खोलीतले हसू जिथल्या तिथे थिजले.

"यांच्याबरोबर कोण आहे?"

बागमामा उभा होता चार हातांवर. पण तो जागचा हलला नाही. शेजारच्या शिवणकाकूंनी त्याला कोपराने ढोसले, तेव्हा तो पुढे झाला.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, की रक्तदाब इतका चढलेला आहे की या बाई चालत इथवर आल्या याचेच नवल. रक्तात साखरही भरपूर आहे. तासाभरात उतार पडला नाही तर मोठ्या दवाखान्यात हलवावे लागेल. तोवर इथेच बसा, यांना बोलू देऊ नका, उठू देऊ नका.

बागमामा बाकाच्या कडेला बसला. ज्या तोंडाने आत्ता थट्टा केली होती, ते तोंड त्याने हाताने झाकून घेतले.

कोण हा बागमामा? ऐकण्यासारखी गोष्ट आहे, आणि प्रेमाने ऐकावी अशीच आहे. वसाहतीच्या मागच्या भिंतीपलीकडे जी सार्वजनिक बाग आहे, ती या माणसाने आपल्या दहा बोटांनी उभी केली. तो तिथे खड्डे खणायला म्हणून लागला, तेव्हा ती बाग नव्हतीच. पडक्या इमारतींचे विटांचे तुकडे, फुटक्या फरश्या, गंजकी तार यांचा उकिरडा होता. त्याने तो उपसला. माती आणली, चाळली, पसरली. सावलीसाठी झाडे लावली, रंगासाठी फुले लावली आणि मधोमध, आईने बाळाला अंथरूण घालावे तशा हातांनी, हिरवळ लावली. पोरेबाळे त्याला मामा म्हणू लागली, मग पोरांचे आईबाप मामा म्हणू लागले, आणि शेवटी खुद्द मामीचा सख्खा भाऊसुद्धा भावजींना मामा म्हणू लागला. एक बायकोच तेवढी 'अहो' म्हणायची.

त्या हिरवळीवर त्याचा जीव किती? तर पाणी घालताना तो वहाणा काढून ठेवी. कापणीच्या आधी पात्यांवरून हात फिरवी. उन्हाने एखादा तुकडा पिवळा पडला तर त्याला घास गोड लागत नसे. मामी म्हणायची, माझ्या नशिबाला सवत आली तीही गवताची, आणि ती माझ्यापेक्षा जास्त लाडाची. हे ती हसून म्हणे, आणि तो हसून मान्य करी.

देवा, भक्ती ही मोठी गोष्ट खरी. पण भक्तीलाही डोळे लागतात. डोळे मिटलेल्या भक्ताने देऊळ झाडले, पुसले, लख्ख केले आणि पायाचे ठसे उमटतात म्हणून आलेल्या माणसांना उंबऱ्याबाहेर उभे केले, तर त्या देवळात देव तरी कशाला थांबेल?

बागमामाच्या हातून नेमके हेच घडले होते.

बागेच्या मागच्या भिंतीत, वसाहतीच्या गल्लीच्या टोकाला, एक लहानसे लोखंडी फाटक होते. सगळ्या वसाहतीचे पाय त्या फाटकातून बागेत जात. बागेच्या पलीकडच्या अंगाला पाळणाघर होते, तिथे मामी कामाला होती. सकाळी ती बाग ओलांडून जायची, दुपारी जेवायला बाग ओलांडून घरी यायची, पुन्हा जायची, पुन्हा यायची. तिच्याबरोबर शिवणकाकू बाजाराला जायच्या. नोकरीत असताना उभे शहर पायांखाली घातलेले टपालकाका निवृत्तीनंतर पायांना खाज सुटते म्हणून रोज फेऱ्या मारायचे. आणि ही सगळी मंडळी, सरळ वाट टाकून वळण कोण घेणार, म्हणून तिरपी हिरवळीवरूनच जात. जाता जाता हिरवळीवर एक पायवाट पडली. तांबूस, टक्कल पडल्यासारखी.

बागमामाने तिथे पुन्हा पुन्हा गवत लावले. पुन्हा पुन्हा ते तुडवले गेले. शहरातल्या बागांची दरवर्षी स्पर्धा होई, जिंकणाऱ्या बागेला ढाल मिळे. एका वर्षी परीक्षक हिरवळीपाशी थांबले, मान डोलावली आणि म्हणाले, हिरवळ सुंदर आहे हो, पण हिला भांग पडलाय. बरोबरचे सगळे हसले. ते हसणे बागमामाच्या काळजात कुसळासारखे रुतले. ढाल त्या वर्षी दुसऱ्या बागेला गेली.

मग तो एक दिवस बागेच्या साहेबांबरोबर फेरी मारताना म्हणाला, साहेब, मागचे फाटक बंद झाले तर पुढच्या वर्षी ढाल आपली. साहेबांना ढाल हवीच होती. आठवड्यात लोहार आला, फाटकावर पत्रा जोडला गेला. बागमामाने त्यावर दोन्ही बाजूंनी बोगनवेल चढवली. काटेरी, दाट आणि दिसायला झोकदार. वसाहतीने विचारले तेव्हा त्याने सांगितले, वरून हुकूम आला, आपल्या हातात काय आहे? लोक चार दिवस कुरकुरले, आणि मग जगातल्या बहुतेक हुकुमांप्रमाणे हाही अंगवळणी पडला. पुढच्या दाराने बागेत जायचे तर मोठ्या रस्त्याने वळसा होता. त्या रस्त्याला पदपथ नव्हता, आणि सिमेंटच्या गाड्या दिवसभर धूळ उडवत धावत. हळूहळू बागेत जाणे सुटलेच.

ढाल मिळाली. पुढच्या वर्षीही मिळाली. साहेबांच्या खोलीतल्या काचेच्या कपाटात त्या ओळीने उभ्या आहेत.

आता पुन्हा त्या खोलीत येऊ. मामी बाकावर डोळे मिटून पडली होती आणि बागमामा तिच्या उशाशी बसून होता. पलीकडे टेबलापाशी तपासणी चालूच होती, आणि तिथले बोलणे त्याच्या कानावर पडत होते. त्याला ऐकायचे नव्हते, पण कानांना पापण्या नसतात.

शिवणकाकूंचे वजन झाले. दोन वर्षांत आपल्याच झंपरांच्या शिवणी आपण किती वेळा उसवल्या याची त्यांनाच लाज वाटत होती. डॉक्टरीणबाईंनी विचारले, चालणे होते का? काकू म्हणाल्या, व्हायचे पूर्वी, बागेतून बाजाराला जायचे तेव्हा. फाटक बंद झाले आणि सुटले. आता दारावर गाडी येते तिच्याकडून भाजी घेते.

बागमामाने मान खाली घातली.

मग टपालकाका. त्यांचे गुडघे आखडले होते, पोट सुटले होते, आणि सगळ्यात वाईट म्हणजे झोप उडाली होती. चालता का, म्हणून विचारल्यावर या माणसाने गुडघ्यावरून हात फिरवला. मग म्हणाला, बाई, गॅलरीत चालतो. या टोकापासून त्या टोकापर्यंत. पिंजऱ्यातला वाघ चालतो तसा. पूर्वी बागेत जायचो, चार माणसे भेटायची, चार झाडे भेटायची. फाटक गेले, आणि झाडांबरोबर माणसेही गेली.

मग तिसऱ्या मजल्यावरची सून. मग जिन्याखाली चपला शिवणारा. प्रत्येकाचा प्रश्न तोच आणि प्रत्येकाच्या उत्तरात ते फाटक. कुणी रागाने बोलत नव्हते. पाऊस लवकर थांबला, असे सांगावे तितक्या सहज ते सांगत होते. कुणालाच ठाऊक नव्हते की ज्याने ते फाटक बंद करवले, तो त्यांच्याच खोलीत, त्यांच्या पाठीशी बसला आहे. आजवर बागमामाला वाटत होते की आपण एक पायवाट पुसली. आपण माणसांचे चालणे पुसले, हे त्याला आज कळत होते.

तास उलटला. डॉक्टरीणबाईंनी मामीला पुन्हा तपासले. दाब थोडा उतरला होता. मोठ्या दवाखान्याचे संकट टळले, पण आजच्यापुरते. बागमामाने धीर करून विचारले, की बाई, हे सगळे एका फाटकामुळे झाले का?

डॉक्टरीणबाईंनी त्याच्याकडे नीट पाहिले. मग म्हणाल्या, की असे कोणी सांगू शकणार नाही, आणि सांगितले तर विश्वास ठेवू नका. वय असते, घराण्यातून आलेले असते, ताटात काय येते तेही असते. यांच्या आईला हाच आजार होता असे यांनी लिहून दिले आहे. पण घराजवळ हिरवळ असली, तिथे पाय सहज वळत असले, तर माणूस नकळत चालतो, आणि चालण्याने शरीराला पुष्कळ आधार मिळतो. तो आधार या वसाहतीचा गेला, एवढे मात्र मला रांगेतून दिसते आहे.

"आणि तुमच्या बायकोला औषध देते आहे. पण औषध अर्धेच काम करील. उरलेले अर्धे यांच्या पायांनी करायचे. सपाट जागेवर, सावलीत, रोज, हळूहळू. या रस्त्यावरच्या धुळीत नको. नाहीतर पुढच्या खेपेला मी गोळी देऊन थांबणार नाही, आणि दैवही थांबेल असे नाही."

तो मामीला घरी घेऊन आला. त्यांच्या दोन खोल्या तळमजल्यावर, मागच्या अंगाला. स्वयंपाकघराची खिडकी बागेच्या भिंतीकडे उघडते. गवत कापले की ओला हिरवा वास त्या खिडकीतून थेट चुलीपर्यंत येतो. मामी खिडकीशी खुर्ची ओढून बसली. त्याने पाणी दिले. ती प्यायली. तो जमिनीवर, तिच्या पायांशी बसला आणि हळूच तिच्या पावलांना हात लावून पाहिला. सुजली होती. इतकी वर्षे रोज गवताच्या मुळांना हात लावून पाहणाऱ्या या माणसाने ही पावले शेवटची कधी पाहिली होती?

त्याने सांगायला सुरुवात केली. फाटकाचा हुकूम वरून आला नव्हता, इथवर बोलला आणि थांबला.

"माहिती आहे मला," मामी म्हणाली.

बागमामाने वर पाहिले.

"ज्या दिवशी पत्रा जोडला त्या दिवशी मी या खिडकीत उभी होते. हुकूम वरून आला असता तर तुम्ही लोहाराला शिव्या घातल्या असत्या. तुम्ही तर स्वतः पत्रा धरून उभे होतात. आणि गुणगुणत होतात."

त्याच्या हातातला पेला खाली टेकला तो कलंडला. पाणी फरशीवर पसरत गेले, पण कुणी फडके आणायला उठले नाही.

"मग बोलली का नाहीस?"

"काय बोलू? लग्नाला इतकी वर्षं झाली, तुम्हाला गुणगुणताना मी पहिल्यांदा पाहिलं. म्हटलं, ह्यांना आयुष्यात एकदा काहीतरी जिंकू दे. एका बसथांब्याचं तर अंतर. बसनं जाईन."

आणि ती बसने जात राहिली. दुपारी घरी येणे सुटले. पाळणाघरात एका जागी बसून, मुलांच्या उरलेल्या खाऊत हात घालत, तिने ती दुपार घालवायला शिकून घेतले. हे ती सांगत होती आणि तो ऐकत होता. तिने एकदाही 'तुमच्यामुळे' हा शब्द वापरला नाही. वापरला असता तर त्याला सोसले असते. रागाचा मारा माणूस अंगावर घेतो, हात आडवा करतो. पण प्रेमाने दोन वर्षे मुकाट सोसले, त्यापुढे हात कुठे आडवा करायचा? तिने त्याच्या आनंदाला जपले होते, आणि त्या आनंदाची किंमत तिच्या रक्ताने भरली होती, आणि वर आज सकाळी तो तिच्यावर हसला होता.

संध्याकाळी जिन्यापाशी नळाला पाणी आले की सारी वसाहत जमे. त्या संध्याकाळी बागमामा तिथे गेला आणि कुणी विचारले नसताना सगळे सांगून मोकळा झाला. भांग पडलाय म्हणून परीक्षक हसले इथपासून ते हुकूम वरून आला ही थाप इथपर्यंत. बादल्या भरून वाहू लागल्या, तरी कुणी नळ बंद करायला हात पुढे केला नाही.

सगळ्यांत आधी बोलले टपालकाका.

"मामा, मी जन्मभर घरोघर बातमी पोचवली. मेल्याची पोचवली, जन्मल्याची पोचवली. पण अशी बातमी कधी माझ्या हाती आली नाही रे." त्यांनी बादली खाली ठेवली. "माझं पोर समजत होतो तुला मी. माझे पाय नेलेस तू."

शिवणकाकूंनी आपली अर्धी भरलेली बादली उचलली आणि वर गेल्या. त्यांच्या जड पावलांचा आवाज सगळ्या जिन्याने ऐकला. बागमामाला वाटले, कुणी मारले असते तर बरे झाले असते. पण त्याने मान वर ठेवली आणि एवढेच म्हटले, की उद्या साहेबांकडे जातो. जो येईल त्याने यावे. न येईल त्याचेही बरोबरच आहे.

दुसऱ्या दिवशी तो साहेबांच्या खोलीत उभा होता. मागे टपालकाका भिंत धरून उभे होते. रागावलेले होते, तरी आले होते. साहेब चांगला माणूस, पण ढालींमध्ये गुंतलेला. तो म्हणाला, की परीक्षक पुढच्याच आठवड्यात येताहेत. एवढी ढाल होऊ दे, मग बघू. आणि मामा, फाटक बंद करा म्हणून माझ्या मागे लागलात ते तुम्हीच ना?

"मीच," बागमामा म्हणाला. "म्हणून उघडा म्हणायलाही मलाच यावं लागलं. साहेब, पुढच्या आठवड्यापर्यंत माझी बायको थांबेल की नाही, मला माहीत नाही. ढाल थांबेल."

साहेबाने कपाटाकडे पाहिले. मग टपालकाकांच्या आखडलेल्या गुडघ्यांकडे पाहिले. अखेर त्याने होकाराची मान हलवली आणि स्पर्धेचे कागद दूर सारले.

बोगनवेल तोडायला लोहार लागत नाही. बागमामाने ती स्वतः तोडली. ज्या वेलीला त्याने पाणी पाजले, तिने त्याचे हात कोपरापर्यंत ओरबाडले, आणि त्याने ओरबाडू दिले. पत्रा निघाला. मागे तेच लहानसे फाटक, बिजागऱ्या गंजून घट्ट झालेल्या. टपालकाकांनी घरून तेल आणले. बिजागऱ्यांत घातले, आणि फाटक करकरत उघडले.

सकाळच्या कोवळ्या उन्हात त्याने मामीला हात धरून आणले. समोर ती हिरवळ पसरली होती. एकसंध, ओली, कुठेही टक्कल नाही, कुठेही भांग नाही. तिच्या निर्मात्याने एवढ्या वर्षांत पहिल्यांदाच तिच्याकडे पाहिले नाही. तो बायकोच्या पावलांकडे पाहत होता.

जी बाई एकेकाळी डबा हलवत, शिवणकाकूंशी बोलत, ही हिरवळ एका दमात ओलांडायची, ती फाटकापासून पहिल्या बाकापर्यंत जाताना मध्येच थांबली. छातीवर हात ठेवला. ओठ किंचित उघडे ठेवून श्वास गोळा केला. बागमामाला हे अंतर तोंडपाठ होते. त्याने आपल्या डोळ्यांनी हे पाहिले नसते, तर कुणी सांगून त्याला खरे वाटले नसते.

ती पुन्हा निघाली. तेव्हा त्याच्या लक्षात आले, की ती सरळ जात नाही. हिरवळीला बांध घालणाऱ्या अरुंद दगडांवरून, एकामागे एक पाऊल ठेवत, तोल सांभाळत ती कडेकडेने चालली आहे. तोल जातो आहे, धाप लागते आहे, तरी पाऊल गवतावर पडू देत नाही.

"अगं, कडेनं का चालतेस?"

"तुमचं गवत चुरगळेल," ती म्हणाली.

बागमामा तिच्यापाशी गेला. ओरबाडलेल्या हातांनी त्याने तिचे दोन्ही हात घेतले, तिला दगडांवरून खाली उतरवले आणि हिरवळीच्या मधोमध आणून उभे केले. तिच्या सुजलेल्या पावलांखाली गवत वाकले. त्याने ते पाहिले.

"इथून," तो म्हणाला. "रोज इथून."

मामीने एक पाऊल टाकले, आणि मग दुसरे.